ही खुर्ची चैनीची नाही

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, म्हणजेच माझे थोरले बंधू. करखात्यातून निवृत्त होऊनही आमच्या आमंत्रणाला मान देणारे प्रमुख पाहुणे साहेब. ज्यांच्यासाठी हे सभागृह भरलं आहे त्या आपल्या संघटनेच्या आज निवृत्त होणाऱ्या सचिव, आपल्या सगळ्यांच्या ताई. ज्यांना उद्यापासून ताई घरी सापडणार आहेत असे त्यांचे यजमान. आणि फर्निचरच्या धंद्यातल्या बंधुभगिनींनो,

दादांनी मला ताकीद दिली आहे, की 'तो' किस्सा सांगायचा नाही. मी शब्द दिलेला नाही.

आपल्याला आठवत असेल, एका वर्षी सरकारने चैनीच्या वस्तूंवरचा कर वाढवायचं ठरवलं आणि मसुद्यात सरसकट लिहून टाकलं, 'फर्निचर'. आता सोफाही फर्निचर आणि आमची लोखंडी घडीची खुर्चीही फर्निचर! शाळांना, सभागृहांना वर्षभराचा भाव आम्ही आधीच बांधून दिलेला. म्हणजे वाढीव कर आमच्याच खिशातून जाणार. एका खुर्चीमागे आम्हाला जे सुटतं, त्याहून तो कर जास्त. जितका माल विकू तितकं नुकसान, असा उफराटा हिशेब! दादांनी आमच्या कारखान्याची दुसरी पाळी बंद करायचं मनाशी ठरवलं होतं. त्या पाळीतली मंडळी मागच्या रांगांत बसली आहेत, त्यांना हे आजच कळतंय. पण दादांचं तेव्हा जेवण सुटलं होतं. वहिनींना विचारा.

आम्ही ताईंकडे धावलो. दादा म्हणाले, "ताई, जातोच आहोत तर सोफ्यालाही सूट मागून टाकू."

ताई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "सोफा चैनीचाच आहे. त्यावर मुकाट्याने कर भरा. खोटं मागून आलात, तर पुढच्या वेळी खरं सांगायला मी कुठल्या तोंडाने जाऊ?"

ताईंची पद्धत आपण जाणताच. निवेदन एका पानाचं, सोबत खुद्द वस्तू, आणि कारखानदाराने शक्यतो तोंड उघडायचं नाही. सुनावणीला आम्ही खुर्ची काखोटीला मारून आजच्या या पाहुण्यांच्याच, म्हणजे साहेबांच्या, दालनात गेलो. साहेबांनी सहज विचारलं, "कशी आहे हो खुर्ची?"

झालं! धंद्यातला माणूस, राहवतंय थोडंच? दादा उभे राहून म्हणाले, "साहेब, इतकी आरामशीर, की बसल्याबसल्या डुलकी लागावी!"

दादा, माझ्याकडे असे बघू नका. तेव्हा ताईही तुमच्याकडे अशाच बघत होत्या.

"मग चैनीचीच की!" म्हणत साहेबांनी पेन उचललं. ताई मात्र शांत. म्हणाल्या, "एक विनंती आहे साहेब. उरलेली सुनावणी आपण याच खुर्चीवर बसून ऐकावी."

साहेब दिलदार. आपली गुबगुबीत खुर्ची सोडून आमच्या खुर्चीत बसले. आणि एका वाक्याची कधी दोन न करणाऱ्या ताईंनी ते एक पान सावकाश, अगदी सावकाश वाचायला घेतलं. साहेब आधी डावीकडे कलले, मग उजवीकडे. मग कंबर चोळली. शेवटी ताडकन उठले आणि म्हणाले, "बाई, पुरे! ही चैन असेल, तर शिक्षा कशाला म्हणायचं?"

घडीची खुर्ची मसुद्यातून वगळली गेली. दुसरी पाळी टिकली, वर्षअखेरीस तोट्याच्या जागी नफा दिसला, त्यातून रंगकामाची नवी शेड उभी राहिली. वर्षभर घाम गाळला तो कारखान्यात, हे खरंच; पण धंदा तरला तो त्या दालनात. दादांचं जेवणही सुरू झालं. आपल्या मालाची सरकारदरबारी अशी शोभा झाली म्हणून ते बरेच दिवस फुरंगटून होते, ते सोडा.

ताई, आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता. आज माइक माझ्या हातात आहे, म्हणून सांगतो: तुमच्यामुळे आमच्या माणसांच्या चुली पेटत्या राहिल्या. हे आम्ही विसरणार नाही.

आता व्यासपीठावरच्या या भेटीवरचा कपडा बाजूला करा. ही खुर्ची दुसऱ्या पाळीने खास तुमच्यासाठी बनवली आहे. मऊ गादी, टेकायला हात, पाठीला उशी. तुम्ही भेटी घेत नाही, माहीत आहे. पण ही चैनीची वस्तू आहे हे आम्ही स्वतःहून कबूल केलं आहे आणि पूर्ण कर भरला आहे. मुकाट्याने! आता तरी बसा.

सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. भाषण लांबलं, त्याची माफी मात्र वेगळी मागतो. कारण या सभागृहातल्या खुर्च्या आमच्याच आहेत.