घरातली दोन नावं

नौतिया : मग तीतुस ठेवा, नाहीतर क्विंतुस. रोममध्ये नावांचा दुष्काळ पडलाय का, सासूबाई?

फोस्लिया : रोममध्ये नाही, आपल्या घरात आहे. आपल्याकडे मुलगा झाला की पुब्लिउस, नाहीतर गायुस. बाकीची नावं कालपरवा वर आलेल्यांनी ठेवावीत. बाळाची मान धर नीट.

पुब्लिउस : (दारातून) आई, मामा आला. बळीचं डुक्कर त्याच्या हातून सुटलंय, पार कारंज्यात शिरलं. आणि सोन्याचा ताईत कुठंय?

फोस्लिया : तुझ्या हातात.

पुब्लिउस : अरे, हो की. नौतिया, चल ना. आज नववा दिवस, इतके दिवस नुसतं 'बाळ, बाळ' चाललंय. आज मी सगळ्यांसमोर त्याला उचलून गायुस म्हणणार.

नौतिया : ते नाव दिलंय आपण. आपल्या पहिल्याला.

पुब्लिउस : अगं, पण आता तो...

फोस्लिया : पुब्लिउस, तू आधी डुक्कर धर. जा.

नौतिया : बघितलंत? 'पण आता तो'. वर्षाच्या आत गेला, म्हणून सुतक नाही. ह्या घरात कुणी मला धड रडूही दिलं नाही. नाव तेवढं त्याचं होतं. आज तेही काढून ह्याला द्यायचं?

फोस्लिया : दिवाणखान्यात मेणाचे मुखवटे कुणाचे लावतो गं आपण?

नौतिया : मोठ्या पदावर बसलेल्या पूर्वजांचे.

फोस्लिया : तान्ह्याचा तिथे कधी लागायचा नाही. पण हा मोठा झाला, पदावर बसला, की मुखवट्याखाली गायुस लिहितील. लोक एक वाचतील. तू दोन वाच.

नौतिया : तुम्हाला काय, बोलायला सोपं आहे.

फोस्लिया : तुझा नवरा माझा दुसरा पुब्लिउस आहे.

नौतिया : ...तुम्ही कधी बोलला नाहीत.

फोस्लिया : त्याला हाक मारते ना रोज. आणखी काय बोलायचं?

पुब्लिउस : धरलं एकदाचं! आई, अर्धा मामा भिजलाय, सगळे हसतायत. आणतेस ना बाळाला?

नौतिया : मी आणते. अहो, ऐका. नाव जरा मोठ्यानं घ्या. एकजण लांब आहे.