म्हसोबा उचलायचा न्हाई

— व्हय, मोजा की, टेप धरू का एका बाजूनं? पन देवापाशी जायचं तर बूट काढून, साहेब. पंचायतीची तपासनी हाय म्हनून देवाला काय सूट न्हाई. भुकूममधल्या त्या टेकडीवरच्या बिल्डिंगीला लावलात का टेप? न्हाई ना? तितं वाचमन आडवा येतो, हितं मी चहा देते, म्हनून हितं. असू दे. म्हसोबा हाय तो, जागृत. कवाचा? आजेसासऱ्यापासनं — खालची फरशी नवी दिसतीया, तर तो... जीर्नोद्धार केला आमी. तुमच्या आदीचे साहेब हात जोडून, नारळ घेऊन माघारी गेले. भला मानूस.

शोषखड्डा ना? हाय की, मागं. दिसायचा न्हाई, गवत लई वाडलंय. वरच्या भाड्याच्या खोल्यांचं समदं पानी त्यातच जातं. मग वड्यात घान कोन सोडतं? पल्याडच्या भिवाजीला इचारा. आवं, मीच भोगतीया. लगीन होऊन आले तवापासनं हरतालिकेची वाळूची पिंड मी त्या वड्यात सोडते. यंदा काठावर नाक धरून उबी ऱ्हायले, आन् शेवटी बादलीत सोडली. बादलीत, साहेब. देवी म्हनली असंल, ही सगुना सोमवार करती, चतुर्थी करती, आन् मला न्हानीतली बादली. तवापासनं म्हसोबाला रोज दहीभात ठेवते, म्हनते, वडा साफ कर बाबा. पयल्यांदा नुसता दगूड होता, माझ्या पोरानं, नथूनं टेम्पोतनं आनलेला — शेंदूर, शेंदूर आनलेला. दगूड जुनाच.

उचलून बघायचाय? न्हाई बाबा, कोप हुतो. भाडेकरूंनासुदीक ताकीद हाय, साहेब जाईस्तवर कुनी पानी सोडायचं न्हाई — माझा नेम हाय म्हनून सांगितलंय. ती वरच्या खोलीतली पोरगी, दिशा, तेवढी कानात ते घालून मीटिंगा करती, तिला ऐकू गेलं का न्हाई देव जाने —

...

तुमालाबी आलं व्हय ऐकू?

पानी खळाळल्यालं, देवाच्या खालनंच आलं. नळी तितनंच जाती, वड्याला.

रोज त्यालाच इनवत होते, साहेब. आन् बघा, त्यानं तुमाला धाडलं.

थांबा, तुमी हात लावू नका, आंगूळ माझी झालीया. पाट आनते, त्याला वर बसवते. पहार दाराआड हाय, घ्या. आन् बूट घाला आता. खाली लई घान हाय.