कोपराला मलम

(घरामागचं अंगण. साबणाच्या पाण्याची बादली. दोन सायकली उलट्या टेकवलेल्या. बहीण-भाऊ त्या धुतायत.)

ताई : हात इकडे कर. ते कोपर दाखव.

भाऊ : कशाला? काही झालेलं नाही कोपराला.

ताई : उगाच शूरपणा नको. सकाळी शर्यतीत सारखं झटकत होतास. मलम लाव. तुझ्याच औषधाच्या दुकानातलं आहे.

भाऊ : राहू दे ना, ताई.

ताई : राहू दे काय? अकरा वर्षं शर्यती करतोयस, आज पहिल्यांदा तिसरा आलास, कप आणलास. जपायला नको?

भाऊ : तू चाकं एवढी का घासतेयस?

ताई : पाच वाजता एक गृहस्थ येतायत बघायला. चिखलासकट दाखवू?

भाऊ : विकतेयस? अगं, एकाच शर्यतीत?

ताई : आधीच ठरवलं होतं. आठ महिने पहाटे उठले. मशीनवर ब्लाउज शिवायला बसायच्या आधी तीस-तीस किलोमीटर. म्हटलं, एकदा उतरू, जमलं तर जमलं. तर साठ जणांत शेवटची! दमलेल्यांना उचलायला मागून गाडी येते, तिच्यातला माणूस खिडकीतून विचारत होता, "बाई, बसता का आत?" आणखी काय व्हायचं राहिलं?

भाऊ : चढापर्यंत तर तू सगळ्यांच्या पुढे होतीस.

ताई : होते ना! वाटलं, कुणाला माझ्यापुढे यायला जमतच नाहीये. कप कुठे ठेवायचा तेही ठरवून टाकलं मी, रिळांच्या डब्याशेजारी. आणि चढ लागला तसे पाय गळाले. सगळे भर्रकन निघून गेले. तूसुद्धा.

भाऊ : हो.

ताई : तू तरी काय करणार? शर्यत ती.

भाऊ : ताई, माझं कोपर दुखत नाहीये.

ताई : मग झटकत काय होतास, माश्या?

भाऊ : तो इशारा असतो. पुढच्याला सगळा वारा कापावा लागतो, मागच्यांना त्याचा आडोसा मिळतो. म्हणून पाळीपाळीनं पुढे राहायचं. मिनिट-दोन मिनिटं झाली की कोपर हलवायचं आणि बाजूला व्हायचं. मग मागच्यानं पुढे यायचं.

ताई : सगळेच करतात असं?

भाऊ : सगळेच.

ताई : मला वाटलं तुझा हात दुखतोय. म्हणून आले मी पुढे. म्हटलं, याला जरा दम खाऊ दे.

भाऊ : हो, आलीस.

ताई : आणि मग मी काही कोपर हलवलं नाही.

भाऊ : नाही.

ताई : किती वेळ होते मी पुढे?

भाऊ : एकोणीस किलोमीटर.

ताई : तू माझ्या मागेच होतास. "मस्त, ताई, अशीच चल!" म्हणून ओरडत होतास.

भाऊ : हो.

ताई : पंक्चर काढायला शिकवलंस, गिअर शिकवलेस, वळणावर ब्रेक कधी दाबायचा ते शिकवलंस. हे एवढंच राहिलं?

भाऊ : ते खरंच राहिलं गं. आपण दोघंच जायचो, मीच पुढे असायचो. आज तू बाजूला होईनास, तेव्हा लक्षात आलं.

ताई : मग तेव्हा सांगायचंस.

भाऊ : सांगणार होतो. तेवढ्यात माझ्या बाजूनं सायकल हाणणारा एक जण म्हणाला, "गप रे, तुझी बहीण फुकटात नेतेय आपल्याला." सगळे हसले. मीही हसलो.

ताई : हसलास.

भाऊ : पाय इतके ताजे होते, ताई. चढाच्या पायथ्याशी असे पाय माझे कधीच नव्हते. वाटलं, आज नाही तर कधीच नाही.

ताई : लाज नाही वाटली?

भाऊ : कप घेताना वाटली. फोटोत मान खाली आहे बघ.

ताई : मला वाटलं, गुणाचा गं माझा भाऊ, केवढा नम्र झालाय.

भाऊ : एवढ्या लोकांना एकोणीस किलोमीटर एकटीनं ओढलंस तू. त्यांच्यातल्या एकालाही जमलं नसतं. मलाही नाही. सायकल विकू नकोस.

ताई : बोलला नसतास तर? ही गेली असती, तुझा कप राहिला असता, आणि मी जन्मभर म्हणत बसले असते, आपल्याच्यानं काही होत नाही.

भाऊ : म्हणूनच सांगितलं.

ताई : पाचाला दहा कमी असताना! खूप राग आलाय मला. त्या लोकांचा नाही, ते कोण माझे? तुझा आलाय.

भाऊ : कप तू ठेव.

ताई : नको मला तो. पुढची शर्यत कधी आहे?

भाऊ : महिन्यानं.

ताई : कुठलं कोपर हलवायचं?

भाऊ : ज्या बाजूनं मागच्यानं यायचं, त्या बाजूचं.

ताई : असं?

भाऊ : जरा जोरात. मागच्याला दिसलं पाहिजे.

ताई : असं. एवढंच होतं होय!

भाऊ : एवढंच... फाटक वाजलं. ते गृहस्थ आले वाटतं.

ताई : जा, तू उघड. सायकल का विकायची नाही, ते तूच सांग त्यांना.

भाऊ : मी काय सांगू?

ताई : आत्ता मला सांगितलंस तेच. पहिल्यापासून. हसलास तेही.