पलंगापर्यंतची वायर

जेसल पार्कातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात माझ्यापुढे मुर्ध्याचे श्रीपतीकाका होते. दुकानदार त्यांना चिडवत होता.

“काय वायरमन, जनरेटरचा सॉकेट बाहेरच्या भिंतीत बसवलात ना?”

“मीच बसवला. घरात धूर नको म्हनून जनरेटर अंगनात, अन् चालू करायचं बटनबी तिथंच.”

“मग आता वायर कशाला?”

“बटन आत न्यायचं हाय, पलंगाशी.”

“मी तेव्हाच सांगितलं होतं. लाइट गेली, काकींचं ऑक्सिजनचं मशीन थांबलं, तर त्या उठणार कशा?”

“तीबी तेच बोलली. मी बोललो, मी हाय ना घरात. सोमवारी बाजारात गेलो, अन् लाइट गेली.”

“मग?”

“दारापर्यंत आलती. तिथंच गेली.”

“काका... आता बटण कोणासाठी?”

“तिनं सांगितलेलं काम हाय. सात मीटर दे.”