परकं कोकरू

शिरूरच्या एसटी स्टँडवर माझ्याच बाकावर एक आजोबा आणि त्यांची कॉलेजातली नात बसली होती. दोघांच्या मध्ये पंच्यात बांधलेला व्हिडिओ गेमचा काळा डबा होता.

"आबा, दौंडला मामाकडं नगं ना जायला. मामानं मलाच दिलाय त्यो."

"तुझा बाप म्हणतोय, खेळणं परत करून या. पोरगी सारखी त्याच्यापुढंच असती."

"मी खेळत न्हाई, आबा. त्याचा कंप्युटर केलाय मी. लिनक्स नावाची सिस्टीम टाकलीय. प्रोग्राम लिहिते त्यावर."

"मग कंपनीनंच का न्हाई दिला तसा?"

"कंपनीच्या खेळाबिगर त्यो काहीच घेत न्हाई. दुसरं घातलं की नाकारतो."

"मग तुझं कसं घेतलं?"

"अर्धा राहिलेला खेळ त्यात साठवता येतो. त्या साठवलेल्या खेळाच्या आत माझं लपवलं. डब्याला वाटलं, आपलंच हाय."

"थांब. मेंढी दुसरीचं कोकरू पाजत न्हाई, तवा आपण..."

"तिच्या मेलेल्या कोकराचं कातडं त्याला पांघरतो. त्यावरनंच सुचलं."

"तवा तू एवढीशी व्हतीस. नाक दाबून उभी ऱ्हायचीस."

"पण बघत व्हते ना."

"आन् पाजलं डब्यानं?"

"आधी लई लाथा मारल्या. मग पाजलं."

"मेंढी बी तसंच करती."

"आबा, दौंडची गाडी लागली. उठा."

आजोबांनी डबा मांडीवर घेतला आणि चौकशीच्या खिडकीकडे बघून मोठ्यानं विचारलं, "साहेब, निमोण्याची गाडी कवा हाय? नातीचा कंप्युटर घरी न्यायचाय."