डिस्ट्रिब्युटरवरचा ठिपका

नाही, बॉनेटवर हात टेकू नका — बसायचं असेल तर ते स्टूल घ्या. आणि दादानं फोनवर काय सांगितलं ते मला सांगू नका. सख्खा भाऊ आहे माझा, पण एवढ्या वर्षांत तो या गॅरेजमध्ये आला तो फक्त गाडीपुढे उभं राहून फोटो काढायला. "बाबा गेले, आता ती धूळ खात पडेल, एखाद्या जाणकाराला देऊन टाकू" — असंच म्हणाला ना? जाणकार म्हणजे तुम्ही. धूळ दिसते का कुठे? बोट फिरवून बघा. नाही ना? मग.

इंजिन नवंकोरंच समजा. ब्लॉक तेवढा जुना, बाकी सगळं बाबांनी आणि मी उघडून, धुऊन, घासून पुन्हा बसवलेलं. बाबा दातांचे डॉक्टर होते. हसू नका. हवा आत जायच्या वाटा त्यांनी दाढा कोरायच्या मशीननं गुळगुळीत केल्यात, तो दात बघायचा छोटा आरसा आत घालून — आणि वर इंजिनाला म्हणायचे, "आ कर, अजून मोठा." कार्ब्युरेटर एकाचे दोन केले. आणि ठिणगीची जुनी व्यवस्था काढून ही इलेक्ट्रॉनिक डबी बसवली ती मी. भांडून. "रस्त्यात बंद पडली की कोणाच्या नावानं रडणार आहेस?" म्हणायचे. मी म्हणायची, "तुमच्या." तर ते तुमचं डबी काढून गाडी मूळ रूपात आणायचं जे काही आहे — ते नंतर बोलू. म्हणजे नाहीच बोलू.

सुरू करून दाखवू? कशी दाखवणार? ही अजून एकदाही सुरू झालेली नाही. पहिली चावी दोघांनी मिळून फिरवायची असं ठरलं होतं. हा बघा, हा रोटर — अंगठ्याएवढा तुकडा. हा डिस्ट्रिब्युटरमध्ये नसेल तर ठिणगी प्लगपर्यंत पोचतच नाही, चावी कितीही फिरवा. गॅरेज बंद करताना बाबा तो काढून माझ्या हातात द्यायचे — "घे बाई, मला मोह नको." मी कामासाठी बाहेरगावी गेले तरी तो माझ्या पर्समध्ये. त्यामुळे आत पेट्रोलचा एक थेंबसुद्धा जळलेला — अहो, तिकडे कुठे वाकताय? सायलेन्सरमध्ये बोट कशाला घालताय?

काळं झालं ना. ते फडकं घ्या. पांढरं नको, पांढरं काचा पुसायचं आहे.

माहीत आहे मला. तुमच्या आधी माझं बोट काळं झालंय. बाबा गेल्यावर गाडी झाकून ठेवावी, त्याआधी सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडावं म्हणून प्लग काढले — नवे प्लग, माझ्या हातानं बसवलेले — आणि त्यांच्यावर काजळी! रोटर तर माझ्याकडे. मग त्यांचं कपाट आवरताना चष्म्याचं घर उघडलं, तर आत दुसरा रोटर. चष्मा नाही, रोटर! मी तिकडे बाहेरगावी, आणि हे इथे चोरून — आणि फोनवर मला काय, तर "तू आलीस की लगेच सुरू करू हं." आणि मी यायच्या आदल्या दिवशी बाबा गेले.

बरं, इंजिन ऐकायचंच होतं तर ऐकायचं होतं ना. राहवलं नाही म्हणून सांगायचं. मी काय खाल्लं असतं का त्यांना? पण ते तेवढ्यावर थांबलेलं नाही. हा डिस्ट्रिब्युटर बघा. हा थोडा थोडा फिरवून ठिणगीची वेळ जुळवतात. मी जुळवला, घट्ट केला, आणि जागा कळावी म्हणून पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. "बघू का एकदा?" म्हणाले होते. म्हटलं, "नाही. हे माझं." — तर तो ठिपका तिथे नव्हताच! पुसलेला. थिनरनं, दाढ साफ करावी तसा स्वच्छ. आणि बोटभर पुढे दुसरा, तसाच पांढरा. म्हणजे मी चुकले होते. कार्ब्युरेटरमधून फटाके वाजले असतील, मग यांनी सगळं नीट जुळवलं, माझी चूक पुसली आणि नव्या जागी माझ्या नावचा ठिपका देऊन ठेवला — का, तर पोरगी येईल, चावी फिरवेल, पहिल्या फटक्यात गाडी सुरू होईल आणि हे शेजारी उभे राहून "वा!" म्हणणार. बावन्न वर्षांची आहे हो मी! लहानपणी दात घासून आले की ब्रश हातातून घेऊन पुन्हा घासायचे — पण तेव्हा निदान समोर घासायचे.

त्यांनीच दिला कशावरून? मी आगकाडीच्या टोकानं देते, माझा गोल येतो. हा पसरलाय. खाली शेपूट आलंय बघा त्याला. बाबांनी दवाखाना का बंद केला, काय सांगितलं दादानं? वय झालं? वय नाही. हात. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे. त्या हातांनी माझ्यासारखा ठिपका द्यायला बसले इथे, वाकून, एकटे —

नाही. पाणी नको मला.

तर ती आज सुरू होणार नाही. डिस्ट्रिब्युटर मी काल परत माझ्या जागी फिरवलाय. हो, चुकीच्या जागी, कळतं मला! ओरडत नाहीये मी. जे फटाके वाजायचेत ते माझ्यासमोर वाजू देत, मग कुठे चुकलं ते माझं मी शोधेन. त्यांच्या ठिपक्याकडे न बघता तिथवर पोचायचंय मला. तोवर गाडी द्यायची नाही. आणि पोचल्यावर तर नाहीच. दादाला काय सांगायचं ते मी —

काय पुसताय तिथे? ते फडकं खाली ठेवा. डाग नाहीये तो. आधी फडकं खाली ठेवा.

उठा. जाताना दार ओढून घ्या. जोरात ओढावं लागतं.