विहिरीच्या पाण्याचा नमुना

नाशिकला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेबाहेर रांगेत उभा होतो. माझ्यापुढे सिन्नरकडच्या एक मावशी आणि सोसायटीच्या बोअरचं पाणी बाटलीत आणलेला एक तरुण.

“मावशी, तुमच्या पाण्याला काय झालंय?” त्या तरुणानं विचारलं.

“डिझेलचा वास मारतो, दादा. शेजारचा पेट्रोल पंप बंद झाला, जमिनीतल्या टाक्या काढून नेल्या. पण गळालेलं सगळं आमच्या विहिरीत उतरलं.”

“मग तक्रार नाही केली?”

“केली ना. दोन साहेब आले. टाक्यांच्या खड्ड्यातली माती घेतली. आमच्या ह्यांनी आदल्या दिवशीच मळ्यातली चांगली माती तिथं ट्रॉलीभर टाकली होती, साहेबांचे बूट बरबटू नयेत म्हणून.”

“अरे देवा! आणि पाणी?”

“म्हणले, प्यायच्या पाण्याचा नमुना द्या. सुनेनं तांब्या लख्ख घासला, बाटली भरून दिली. आता रिपोर्ट आलाय, पाणी चांगलं हाय म्हणून. तेच विचारायला आले, असं कसं?”

“मावशी, सुनेनं पाणी विहिरीचंच दिलं ना?”

“काय बोलता! उन्हातान्हातून आलेल्या माणसांच्या हातात वासाचं पाणी द्यायचं? जारचं दिलं, विकतचं.”

“अहो, त्यांना ते प्यायला नको होतं, तपासायला हवं होतं!”

“कशाला का असंना. दारात आलेल्याला घाण पाणी आम्ही नाय देत.”

“बरं, घरात तरी सगळे जारचंच पिता ना?”

“छे! आम्ही विहिरीचंच पितो. आम्ही काय पाहुणे हाय?”